सुट्रोच्या हौदांपाशी

गुरुवार

फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेने सॅन फ्रान्सिस्को, पॉवेल स्टेशनला उतरून दोन-तीन चौक चालायचं आणि गिअरी रस्त्यावर ३८ नंबरची बस पकडायची. ही बस सगळं शहर आडवं पार करून पॅसिफिकपाशी नेऊन सोडते. पंचविसाव्या अॅव्हेन्यूपर्यंत लख्ख ऊन होतं. पुढे धुकं सुरू झालं आणि बसमधल्या लोकांनी सरावाने जाकिटांच्या चेनी वर ओढल्या. जुलै महिना!

"मामा, तिथे बघण्यासारखं काही नाहीये हो, नुसत्या भिंती उरल्यात," भाचीने आदल्या रात्री सांगून पाहिलं होतं. पण उभी हयात पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला जुने हौद, बोगदे आणि पंपघरं म्हणजे 'काही नाही' कसं वाटणार? गोल्डन गेट पूल सगळेच बघतात. मला सुट्रो बाथ्स बघायचे होते. १८९६ साली ऐन समुद्रकाठी उघडलेलं हे स्नानगृह त्या काळी जगातलं सर्वांत मोठं बंदिस्त तरणतलाव-संकुल म्हणून मिरवत असे.

शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोरच सुट्रो हाइट्सची टेकडी. फाटकाशी दोन सिंह बसलेत, लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या सिंहांच्या नकला. आत सायप्रसची झाडं, हिरवळ आणि कड्यावर दगडी कठड्याचा उरलेला तुकडा. घर १९३९ मध्येच पाडलं. हे सगळं अॅडॉल्फ सुट्रोचं. बाग त्याने लोकांना खुली केली होती आणि तिच्यात युरोपातून आणवलेले प्लास्टरचे पुतळे ओळीने उभे केले होते. संगमरवरी नव्हेत, प्लास्टरचे! खाऱ्या वाऱ्यात ते किती टिकणार हे त्याला कळत नसेल असं नाही. पण हा माणूस टिकण्यापेक्षा दिसण्याचा विचार आधी करायचा, असं त्याची सगळी कामं बघितल्यावर माझं मत झालंय.

अपवाद फक्त पाण्याच्या कामांचा.

जन्म १८३० चा, जर्मनीतल्या आखेनचा. ज्यू कुटुंब. १८५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आला, तंबाखू-सिगारचं दुकान टाकलं. मग नेवाडात कॉमस्टॉक लोड ही चांदीची प्रचंड खाण सापडली, तिकडे गेला. त्या खाणींचं मोठं दुखणं म्हणजे पाणी. जितकं खोल जावं तितकं कढत पाणी फुटायचं, हवा कोंडायची, माणसं मरायची. पाणी वर उपसत बसण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्यापासून आडवा बोगदा मारून ते आपसूक बाहेर काढावं, ही सुट्रोची कल्पना. म्हटली तर साधी, पण खाणमालक आणि बँकवाले तिच्या विरोधात उभे राहिले, कारण बोगदा झाला असता तर खाणींच्या नाड्या सुट्रोच्या हातात गेल्या असत्या. १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि १८७८ मध्ये बोगदा खाणीला भिडला. लांबी जवळजवळ चार मैल, म्हणजे सव्वासहा किलोमीटरच्या आसपास. तोवर चांदीचा बहर ओसरत आला होता. बोगदा भिडल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच गड्याने आपला हिस्सा विकला आणि पैसे गाठीला बांधून सॅन फ्रान्सिस्कोला परतला.

त्या पैशात त्याने शहराच्या पश्चिमेची वाळूची टेकाडं घ्यायला सुरुवात केली. लोक त्या जागेला ओसाड म्हणत. घेता घेता शहराचा बारावा हिस्सा त्याच्या मालकीचा झाला. डोंगरातलं पाणी बाहेर काढण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या या माणसाने उरलेल्या अर्ध्यात समुद्राचं पाणी आत आणायचं ठरवलं. त्याच्याविषयी मला एवढं कुतूहल का, याचं उत्तर या उलट्या प्रवासात आहे.

कठड्यापाशी उभं राहिलं तर खाली सगळं पांढरं. लाटांचा आवाज येतोय, समुद्र दिसत नाही. मधूनच धुकं फाटलं की कड्यावरच्या क्लिफ हाउस या जुन्या उपाहारगृहाची पांढरी इमारत दिसे. ती तिथली तिसरी पिढी म्हणायची. १८६३ च्या मूळ क्लिफ हाउसला १८८७ मध्ये डायनामाइटने भरलेलं 'पॅरलल' नावाचं जहाज खालच्या खडकांवर आपटून फुटलं तेव्हा हादरा बसला. त्यातून ते वाचलं आणि १८९४ च्या नाताळात आगीत गेलं. सुट्रोने त्या जागी सात-आठ मजल्यांचा मनोऱ्यांचा महाल उठवला. १९०६ च्या महाभूकंपातून तो सहीसलामत सुटला आणि पुढच्याच वर्षी जळून खाक झाला. आत्ताची इमारत १९०९ ची, सुट्रोची मुलगी एमा मेरिट हिने बांधलेली. या कन्येचं मला कौतुक वाटतं. ती डॉक्टर होती, वडिलांच्या मागे पसारा सांभाळत बसली आणि अखेरपर्यंत वरच्या त्या घरात राहिली.

संध्याकाळी घरी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. शुक्रवारी दुपारी भरती. झालं, उद्या पुन्हा ३८ नंबर.

शुक्रवार

आज धुकं वर उचललेलं. लँड्स एंड लुकआउट नावाचं माहिती केंद्र आहे, २०१२ मध्ये उघडलेलं. आत कॅफे, पुस्तकं, जुने फोटो. मी फोटोंपाशी बराच वेळ काढला, कारण आधी ते डोळ्यांत साठवल्याखेरीज खालच्या भिंतींचा काही बोध होत नाही.

फोटोत दिसतं ते असं. उतारावरून खाली उतरत गेलेलं काचेचं अवाढव्य छत, साधारण एक लाख चौरस फूट काच. ती तोलायला सहाशे टन लोखंड. त्याखाली सात हौद, सहा खाऱ्या पाण्याचे आणि एक गोड्या पाण्याचा. मोठा हौद इंग्रजी एल अक्षरासारखा, त्यात समुद्राचं पाणी जसंच्या तसं. बाकीच्या हौदांत चढत्या क्रमाने कोमट. घसरगुंड्या, उड्या मारायच्या फळ्या, झोपाळ्यासारखे ट्रॅपीझ, छतातून लोंबणाऱ्या कड्या. पाचशे कपडे बदलायच्या खोल्या. पोहायचा पोशाख तिथलाच भाड्याने घ्यायचा, लोकरीचा आणि काळा. असे वीस हजार पोशाख आणि चाळीस हजार टॉवेल ठेवलेले असत. रोज इतक्या ओल्या लोकरीची धुलाई! त्या परिटघराचा फोटो मात्र कुणी काढलेला दिसत नाही.

वरच्या जिन्यावर पेंढा भरलेले प्राणी, नाणी, मेणाचे देखावे आणि चक्क इजिप्तच्या ममी. पोहायला आलेल्या मुलांनी ओल्या अंगाने ममी बघायची, असा तो सगळा प्रकार. त्यांपैकी एक ममी आता सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात आहे. सुट्रोच्या ग्रंथसंग्रहातलं जे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीतून वाचलं तेही त्याच आवारात. अर्ध्याहून अधिक पुस्तकं त्या आगीत गेली.

तिकीट दहा सेंट. पोहायचं असेल तर पोशाखासकट पंचवीस सेंट. हे दर मुद्दाम कमी ठेवले होते, आणि इथेच सुट्रोचं रेल्वेशी वाजलं. शहरातून इथवर यायचं भाडं पाच सेंट हवं, असा त्याचा हट्ट. सदर्न पॅसिफिक रेल्वे काही केल्या ऐकेना. तेव्हा या बाबाने आपल्या जागेला कुंपण घातलं आणि त्या कंपनीच्या गाडीने येणाऱ्यांकडून पंचवीस सेंट प्रवेशशुल्क घ्यायला लागला. पुढे स्वतःची विजेची ट्राम काढली, पाच सेंटवाली. रेल्वेच्या दादागिरीला विटलेल्या लोकांनी १८९४ मध्ये त्याला महापौर करून टाकलं. महापौर म्हणून तो फारसा चमकला नाही असंच सगळे सांगतात. एकहाती कारभार करायची सवय लागलेल्याला समित्यांच्या बैठका मानवत नाहीत, हे मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

माहिती केंद्रातून पायऱ्या उतरत खाली आलो.

आणि खाली आहे ते केवळ पाण्याचं काम. काच गेली, लोखंड गेलं, ममी गेल्या. उरलाय तो पाया, हौदांच्या भिंती, कालवा आणि बंधारा. काँक्रीट १८९० च्या दशकातलं, सिमेंट झिजून खडी उघडी पडलेली. एका भिंतीतून लोखंडाचा तुकडा बाहेर आलाय. गंजून त्याचे पापुद्रे सुटलेत आणि फुगलेल्या गंजाने भोवतालचं काँक्रीट फोडलंय. बोट लावलं तर तांबडी पूड हाताला येते. जिथे आत लोखंड नाही ती भिंत मात्र ठणठणीत.

उत्तरेच्या टोकाशी खडकाच्या आडोशाला एक कुंड आहे. सुट्रोने सगळ्यांत आधी, १८८० च्या दशकात, बांधलं ते हे. तेव्हा ते मत्स्यालय होतं. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला उतरायचं आणि मागे राहिलेले मासे, तारामासे, खेकडे लोकांनी बघायचे. पुढे हेच स्नानगृहासाठी पाणी धरायचं कुंड झालं. लाट खडकावरून उसळून कुंडात पडते, कुंडातून कालव्यात, तिथून गाळ खाली बसायच्या टाकीत आणि मग हौदांत. उरण-पेणकडे मिठागरात भरतीचं पाणी घेतात ना, तीच युक्ती, फक्त इथे मिठाऐवजी माणसं भिजवायची.

आता आकडे. सगळे हौद मिळून सुमारे सतरा लाख गॅलन पाणी, म्हणजे चौसष्ट लाख लिटर. भरतीच्या वेळी ते एका तासात भरत, अशी नोंद आहे. कुंडाच्या कडेला बसून मी पाकिटावर गणित मांडलं. सेकंदाला जवळजवळ पावणेदोन हजार लिटर, आमच्या भाषेत साठ-पासष्ट क्युसेक्स (सेकंदाला इतके घनफूट). कालव्याची एखादी बऱ्यापैकी वितरिका, म्हणजे फाटा, वाहते इतकं पाणी, तेही पंपाशिवाय, फुकट! ओहोटीत मात्र पंप लावायला लागे. तो मिनिटाला सहा हजार गॅलन उपसे आणि हौद भरायला पाच तास घेई. सतरा लाखांना सहा हजारांनी भागा, दोनशे त्र्याऐंशी मिनिटं येतात, म्हणजे पावणेपाच तास. जुन्या जाहिरातीतले आकडे गणितात बसले की फार बरं वाटतं. बहुधा बसत नाहीत.

दुपारी भरती चढली तशी लाट बंधाऱ्यावरून यायला लागली. पाटीवर स्पष्ट लिहिलंय की खडकांवरून लोक वाहून जाऊन बुडाले आहेत. तरी दोन तरुण सेल्फीसाठी भिंतीच्या टोकापर्यंत गेलेच. आपल्याकडे काय आणि इकडे काय, पाटी वाचायची ती दुसऱ्यांनी.

शेजारीच टेकाडातून आरपार गेलेला बोगदा आहे, मोबाइलचा दिवा लावून चालत जाता येतं. आत भिंतीला दोन भगदाडं आहेत. त्यांतून खाली लाट फुटते तेव्हा सगळा बोगदा हुंकारतो आणि तोंडावर तुषार येतात. एका लहान मुलाने रडून बापाला परत फिरायला लावलं. माझे मात्र तिथून पाय निघेनात.

मोठ्या हौदात आता गोडं पाणी साठतं, टेकडीतून झिरपणारं. त्यात बदकं पोहत होती. २०१२ च्या सुमारास कुठूनसं एक नदीचं पाणमांजर इथे येऊन राहिलं. शहरात कित्येक दशकांत पाणमांजर दिसलं नव्हतं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं सुट्रो सॅम. इथे सगळ्यांत मजेत पोहलेला प्राणी तोच असावा.

कारण माणसांचं पोहणं इतकं सरळ नव्हतं. ४ जुलै १८९७, त्यांचा स्वातंत्र्यदिन. जॉन हॅरिस नावाचा कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या मित्रांबरोबर इथे आला. तिकीट मिळालं, पण पाण्यात उतरू दिलं नाही. व्यवस्थापनाचं म्हणणं, आत या, बघा, पाण्यात मात्र नको, आमची गोरी गिऱ्हाइकं जातील. हॅरिस गप्प बसला नाही. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी नागरी हक्कांचा डिबल कायदा झाला होता, त्याच्या आधाराने त्याने थेट सुट्रोवर खटला भरला आणि जिंकला. भरपाई शंभर डॉलर. मुंबईत ब्रीच कँडीच्या तलावावर फक्त गोऱ्यांना प्रवेश होता तो तर आमच्या आधीच्या पिढीने पाहिलेला, त्यामुळे मला या गोष्टीचं नवल वाटलं नाही. राग आला तो याचा, की पाच सेंटच्या भाड्यासाठी रेल्वेशी भांडणारा, कष्टकऱ्यांची कड घेणारा तोच हा सुट्रो. समुद्र बंधाऱ्यावरून कुणाला न विचारता आत येत होता, आणि हा दारात माणसांचा रंग बघत होता.

सुट्रो १८९८ मध्ये वारला. स्नानगृहाचा खर्च कधी भरून निघालाच नाही. वारसांना ते विकायचं होतं, पण घेणार कोण? दहा हजार माणसं मावतील एवढी इमारत रोज थोडीच भरते? वर खाऱ्या हवेत लोखंड रंगवत राहायचं, फुटक्या काचा बदलायच्या, बॉयलर पेटता ठेवायचा. मग मंदी आली. १९३७ मध्ये सुट्रोच्या नातवाने मोठ्या हौदाच्या जागी स्केटिंगसाठी बर्फाचा रिंक केला. १९५२ मध्ये जॉर्ज व्हिटनी यांनी ते घेतलं. अखेर जागा उंच इमारती बांधणाऱ्यांना विकली गेली, पाडकाम सुरू झालं आणि २६ जून १९६६ रोजी आग लागली. ती लावलेली होती असं राष्ट्रीय उद्यानवाले सांगतात. इमारती काही झाल्या नाहीत. १९८० मध्ये सरकारने जागा घेतली आणि जे उरलं ते तसंच ठेवलं. डागडुजी नाही, पुनर्बांधणी नाही. हा निर्णय मला पटतो. काचेचं छत पुन्हा उभारलं असतं तर हे कुंड आणि हा कालवा बघायला कोण वाकलं असतं?

शनिवार

आज भाची, जावई आणि त्यांची लेक असा सगळा लवाजमा. लेकीला प्राणिसंग्रहालय हवं होतं, मला प्राणिसंग्रहालयाचा पार्किंग लॉट. जावयांना वाटलं मी थट्टा करतोय.

ओशन बीचच्या दक्षिण टोकाला, स्लोट रस्त्याशी, फ्लाइशहॅकर पूल होता. १९२५ मध्ये उघडला. लांबी एक हजार फूट, रुंदी दीडशे. जीवरक्षक होडीतून गस्त घालत, इतका मोठा. पाणी समुद्राचंच, साठ लाख गॅलन, म्हणजे सुट्रोच्या साडेतीनपट. ते तापवून सोडायची यंत्रणा होती, पण उघड्यावरच्या एवढ्या पाण्याला धुक्याच्या शहरात कितीशी ऊब येणार? १९७१ मध्ये वादळात समुद्रातून पाणी घेणाऱ्या नळाचं नुकसान झालं आणि तलावच बंद पडला. नळ तुटला, संपलं! पुढे तो बुजवून त्यावर गाड्या लावायची सोय केली. कपडे बदलायची जी लांबलचक इमारत होती ती २०१२ मध्ये जळाली. आता तिची सजवलेली तीन दारं तेवढी उभी आहेत. मागे काहीही नाही.

"मामाआजोबा, दाराच्या आत काय आहे?" लेकीने विचारलं. म्हटलं, "बाहेर आहे तेच." ती आत जाऊन, बाहेर येऊन खात्री करून आली. मग आम्ही जिराफ बघायला गेलो.

रविवार

शेवटी दुसऱ्या बाजूला, खाडीकडे, अॅक्वाटिक पार्क. इथलं स्नानगृह अजून उभं आहे, आता ते सागरी संग्रहालय आहे. १९३० च्या मंदीत बेकारांना काम देण्यासाठी सरकारने डब्ल्यूपीए या रोजगार योजनेतर्फे जी कामं काढली त्यांतलं हे, १९३९ मध्ये पुरं झालेलं. इमारतीला जहाजाचा आकार, गोल खिडक्या, पांढरे गोलसर मजले. आत हिलेअर हायलरने रंगवलेली समुद्रतळाची चित्रं, निळ्या-हिरव्या रंगांत बुडून गेलेल्या भिंती. दरवाजाभोवतीचं स्लेटमधलं कोरीव काम सार्जंट जॉन्सन या कृष्णवर्णीय शिल्पकाराचं. मागच्या सज्जात त्याचीच टाइल्सची चित्रं आहेत, मासे, कालवं, लाटा. चालत गेलं की एका ठिकाणी टाइल्स संपतात आणि पुढची भिंत कोरीच. लोकांच्या पैशाने लोकांसाठी बांधलेली वास्तू नगरपालिकेने खाजगी हॉटेलवाल्यांच्या घशात घातली, तेव्हा जॉन्सनने काम अर्ध्यात सोडलं. मला त्या कोऱ्या भिंतीपाशी उभं राहून बरं वाटलं. ठेकेदार अर्धवट काम सोडून पळाल्याचे शंभर मासले पाहिलेत, तत्त्वासाठी सोडलेलं हे पहिलंच.

समोरच्या पाण्यात माणसं पोहत होती. रंगीत टोप्या, बरेचसे वेटसूटशिवाय, आणि पाणी हाताला झोंबणारं. काठावर डॉल्फिन क्लब आणि साउथ एंड रोइंग क्लब आहेत, दोन्ही एकोणिसाव्या शतकातले, सुट्रोच्या स्नानगृहाहून जुने. साठीच्या पुढच्या एक बाई पाण्यातून बाहेर आल्या, लालबुंद झालेल्या, दात वाजताहेत. मी विचारलं, किती थंड आहे? त्या म्हणाल्या, आज छान आहे. जावयांनी मला कोपराने ढोसलं, "मामा, उतरताय का?" मी बूट-मोजे काढून गुडघाभर पाण्यात जाऊन आलो. तेवढ्यात पोटऱ्या बधिर झाल्या. भाचीने टॉवेल आणला नव्हता, जाकिटालाच पाय पुसले.

कुणी जाणार असेल तर एवढं सांगतो. सुट्रो बाथ्सला भरतीच्या तासभर आधी पोचा, म्हणजे कुंड भरताना दिसेल. तिथे जायला पैसे पडत नाहीत. बूट रबरी तळाचे घाला, शेवाळ फार आहे. आणि बंधाऱ्यावर चढू नका.